‘हॉर्मोन’चा नामकर्ता : अर्नेस्ट स्टार्लिंग

नंदुरबार, प्रतिनिधी

थायरॉइडची गोळी, मधुमेहाचे इन्शुलिन, रक्तदाबावरचे औषध अशा निमित्तांनी ‘हॉर्मोन’ हा शब्द आज शहरातल्या घराघरांत पोचला आहे. मराठीने त्याला संप्रेरक असे नेमके नाव दिले. मात्र १९०५ पूर्वी हा शब्द कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात सापडणार नाही. तो रूढ करणारे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट हेन्री स्टार्लिंग यांचे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ असते; इतरांना ते क्वचितच ठाऊक असते. त्यांचे घर मुंबई उच्च न्यायालयातील नोकरीच्या पगारावर चालले, हे तर त्याहूनही कमी जणांना माहीत आहे.

स्टार्लिंग यांनी आयुष्यात अनेक प्रश्न हाताळले. हृदय किती जोराने आकुंचन पावते, केशवाहिन्यांतून पाणी कसे झिरपते, स्वादुपिंड कोणाच्या सांगण्यावरून पाझरते, हे त्यांनी शोधले. मूत्रपिंडाचा प्रश्न मात्र त्यांना तरुणपणी भेटला आणि अखेरच्या वर्षांत पुन्हा त्यांच्यापुढे उभा राहिला. शरीरात पाणी किती राखायचे आणि किती सोडायचे, हे मूत्रपिंडाला कोण सांगते? सिकलसेलच्या आजाराने पिढ्यान्‌पिढ्या ग्रासलेल्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत बंदिस्त राहत नाही. रुग्णाच्या तहानेशी आणि लहान मुलांच्या ओल्या अंथरुणाशी त्याचा थेट संबंध येतो.

वडील मुंबईत, मुलगा लंडनमध्ये

स्टार्लिंग यांचा जन्म १७ एप्रिल १८६६ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मॅथ्यू हेन्री स्टार्लिंग हे बॅरिस्टर. मुंबईत ते ‘क्लार्क ऑफ द क्राउन’ या पदावर होते. हिंदुस्थानातील फौजदारी कायदा आणि कार्यपद्धती यांवरचा त्यांचा ग्रंथ त्या काळी वकिलांच्या वापरात होता. कुटुंब मात्र इंग्लंडमध्येच राहिले. सुमारे तीन वर्षांतून एकदा वडिलांना घरी जाण्याची सवड मिळे. एरवी सात भावंडांचा सांभाळ आई एलेन यांनी केला. अर्नेस्ट त्यांत थोरले. साहेबाच्या चाकरीत असलेल्या अनेक इंग्रज घरांची हीच तऱ्हा होती. पैसा हिंदुस्थानातून यायचा, माणूस मात्र क्वचित दिसायचा.

घरात सुबत्ता नव्हती. शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे मिळवत पुढे जाणे, हाच मार्ग होता. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८८२ मध्ये, अर्नेस्ट यांनी लंडनच्या गाय्ज रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. विद्यार्थिदशेतच त्यांना जर्मनीतील हायडेलबर्ग येथे विल्हेल्म क्यूने यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काढता आला. ‘एन्झाइम’ हा शब्द घडवणारे हेच ते क्यूने. इंग्लंडमधील वैद्यकशिक्षण त्या काळी रुग्णाच्या खाटेभोवती फिरत होते. जर्मनीत मात्र शरीराकडे पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र यांच्या नजरेने पाहिले जात होते. ती नजर घेऊन स्टार्लिंग परतले आणि रुग्णसेवेऐवजी शरीरक्रियाशास्त्र हेच आपले क्षेत्र, असे त्यांनी ठरवले.

१८९१ मध्ये त्यांनी फ्लॉरेन्स वूलरिज यांच्याशी विवाह केला. त्या स्टार्लिंग यांच्या दिवंगत शिक्षकाच्या पत्नी. विधवेशी विवाह आणि तोही स्वतःच्या शिक्षकाच्या, हे त्या काळच्या इंग्लंडमध्येही नेहमीचे नव्हते. फ्लॉरेन्स यांचे सहकार्य घरापुरते नव्हते. पतीच्या लेखनात आणि वैज्ञानिक ग्रंथांच्या भाषांतरात त्यांचा हात होता. याच सुमारास स्टार्लिंग यांची विल्यम बेलिस यांच्याशी गाठ पडली. बेलिस धनिक घरातले, शांत, सावकाश विचार करणारे. स्टार्लिंग उतावळे, स्पष्टवक्ते, एका कामातून दुसऱ्यात झेप घेणारे. दोन टोकांची ही माणसे आयुष्यभराची सोबती झाली. १८९३ मध्ये स्टार्लिंग यांची बहीण गर्ट्रूड हिच्याशी बेलिस यांचा विवाह झाला आणि मैत्रीला नात्याचीही जोड मिळाली.

गाळणी की कारखाना?

त्या वेळी मूत्रपिंडाविषयी युरोपात मोठा वाद चालू होता. कार्ल लुडविग यांच्या मते मूत्रपिंड ही गाळणी होती. रक्ताच्या दाबाने पाणी आणि क्षार गाळले जातात, एवढेच तिचे काम. उलट ब्रेस्लाऊचे रुडॉल्फ हायडेनहाइन यांच्या मते हा जिवंत पेशींचा कारखाना होता. पेशी आपल्या शक्तीने मूत्र तयार करतात, त्याला दाबाचे गणित लावता येत नाही, असा त्यांचा आग्रह होता.

१८९२ मध्ये स्टार्लिंग थेट हायडेनहाइन यांच्याच प्रयोगशाळेत जाऊन राहिले. तिथे त्यांनी लसिकेवर, म्हणजे ऊतींमधून झिरपणाऱ्या द्रवावर, काम केले. गुरूंचे प्रयोग त्यांना पटले, निष्कर्ष पटले नाहीत. परतल्यावर १८९६ मध्ये त्यांनी मांडलेला विचार आजही प्रत्येक अतिदक्षता विभागात उपयोगी पडतो. केशवाहिनीतील दाब पाण्याला बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिने त्याला आत ओढून धरतात. या दोन बलांचा तोल बिघडला की पायावर सूज येते. ज्याच्या रक्तातले प्रथिन मूत्रपिंडाच्या विकारात निघून जाते, त्याचा चेहरा सकाळी का सुजतो, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे.

हाच हिशेब त्यांनी १८९९ मध्ये मूत्रपिंडाला लावला. मूत्रपिंडात केशवाहिन्यांचे बारीक गुच्छ असतात. रक्तातील प्रथिनांची ओढ त्यांनी मोजली. ती पाऱ्याच्या सुमारे २५ ते ३० मिलिमीटर एवढी भरली. रक्तदाब या ओढीवर मात करू शकला, तरच गाळण होते. तो पुरेसा नसेल, तर मूत्र थांबते. अपघातात खूप रक्त गेलेल्या रुग्णाची लघवी का बंद होते, हे त्यातून उमगले. गाळणीपुरते लुडविग बरोबर ठरले. त्याच वर्षी स्टार्लिंग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जोड्रेल प्राध्यापक झाले आणि रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही त्यांना मिळाले.

कोडे मात्र अर्धेच सुटले होते. प्रौढ माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. प्रत्यक्षात दीड लिटरच्या आसपास मूत्र बाहेर पडते. उरलेले सारे पाणी नलिकांमधून पुन्हा रक्तात घेतले जाते. उन्हातून आलेल्या माणसाचे मूत्र थोडे आणि गडद का होते, दोन तांबे पाणी प्यायलेल्याचे भरपूर आणि फिकट का होते? गाळणी तर दोघांचीही सारखीच. हे कमीजास्त करणारा हुकूम कुठून येतो? त्या प्रश्नाकडे परतायला स्टार्लिंग यांना पाव शतक लागणार होते. दरम्यान त्यांच्या हाती दुसरेच काही लागले.

१६ जानेवारी १९०२

शरीरात निरोप पोचवण्याचे काम मज्जातंतू करतात, अशी त्या काळची ठाम समजूत होती. रशियातील इव्हान पाव्हलॉव्ह हे तिचे मोठे समर्थक. जठरातले आम्लयुक्त अन्न आतड्यात उतरले की स्वादुपिंड पाचकरस सोडते. हा निरोप मज्जातंतूंमार्फतच जातो, असे ते मानत.

१६ जानेवारी १९०२ रोजी बेलिस आणि स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे सर्व मज्जातंतू कापले. रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या. त्या भागात आम्ल सोडले. मज्जातंतू नसतानाही स्वादुपिंड पाझरू लागले. निरोप रक्तातूनच जात असला पाहिजे, हे स्टार्लिंग यांनी क्षणात ओळखले. त्यांनी आतड्याचे आतले अस्तर खरवडले, वाळू आणि आम्लासह खलात घोटले, गाळले आणि तो अर्क कुत्र्याच्या मानेच्या शिरेत टोचला. काही क्षणांत पाचकरस वाहू लागला. या द्रव्याला त्यांनी ‘सिक्रेटिन’ असे नाव दिले.

पाव्हलॉव्ह यांनी आपल्या सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग पुन्हा करवून घेतला. निकाल तोच आला आणि त्यांनी तो मान्य केला. १९०४ चे नोबेल पारितोषिक पाव्हलॉव्ह यांना पचनक्रियेवरील संशोधनासाठी मिळाले. स्टार्लिंग आणि बेलिस यांना ते कधीच मिळाले नाही.

जून १९०५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये स्टार्लिंग यांची व्याख्याने झाली. एका अवयवात तयार होऊन रक्तामार्गे दुसऱ्या अवयवाला कामाला लावणाऱ्या द्रव्यांना एक सामाईक नाव हवे होते. केंब्रिजमधील एका भोजनप्रसंगी तिथल्या ग्रीक पंडिताने चेतवणे, उद्युक्त करणे या अर्थाचे ग्रीक क्रियापद सुचवले, अशी कथा आहे. त्यावरून ‘हॉर्मोन’ हा शब्द झाला आणि स्टार्लिंग यांनी तो व्याख्यानात वापरला.

याच १९०५ मध्ये केंब्रिजच्याच जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनी दुसरी एक कल्पना मांडली. निकोटिन आणि क्युरारी या विषांचे स्नायूंवरील परिणाम पाहताना त्यांच्या लक्षात आले, की द्रव्य नुसते पोचून भागत नाही. ते झेलणारे काहीतरी पेशीत असले पाहिजे. याच कल्पनेला पुढे ‘रिसेप्टर’ हे नाव रुळले. मराठीत त्याला ग्राही म्हणतात. निरोपाला आणि निरोप घेणाऱ्याला एकाच वर्षी नाव मिळावे, हा विलक्षण योगायोग होता. मात्र या दोन कल्पनांची गाठ पडायला अर्धे शतक जावे लागले.

तपकिरी कुत्र्याचा खटला

या यशाला एक काळी किनार आहे आणि ती टाळून स्टार्लिंग यांचे चरित्र सांगता येत नाही. डिसेंबर १९०२ मध्ये त्यांनी एका तपकिरी कुत्र्यावर स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया केली होती. फेब्रुवारी १९०३ मध्ये त्याच कुत्र्यावर बेलिस यांनी विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक केले. वर्गात बसलेल्या लिझी लिंड आफ हागेबी आणि लीसा शार्टाउ या दोन स्वीडिश तरुणी प्राणिप्रयोगांच्या विरोधक होत्या. कुत्र्याला पुरेशी भूल दिली नव्हती, असे त्यांनी लिहिले. त्या आधारे स्टीफन कोलरिज यांनी जाहीर सभेत आरोप केला आणि बेलिस यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला.

नोव्हेंबर १९०३ मध्ये खटला गाजला. एकच प्राणी दुसऱ्या प्रयोगासाठी वापरण्यास कायद्याची मनाई असताना आपण तो वापरायला दिला, हे स्टार्लिंग यांना साक्षीत मान्य करावे लागले. दुसरा कुत्रा बळी जाऊ नये म्हणून तसे केले, हा त्यांचा खुलासा होता. निकाल बेलिस यांच्या बाजूने लागला. दोन हजार पौंडांची भरपाई मिळाली आणि ती त्यांनी युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्रयोगशाळेला देऊन टाकली.

वाद मात्र तिथे मिटला नाही. १९०६ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात त्या कुत्र्याचे स्मारक उभे राहिले. १९०७ मध्ये ते हटवण्यासाठी वैद्यकीय विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि दंगली झाल्या. १९१० मध्ये स्मारक रात्रीतून हलवण्यात आले. त्याच्या जागी नवे स्मारक उभे राहायला १९८५ साल उजाडले. ज्या ज्ञानातून पुढे लाखो रुग्णांना दिलासा मिळाला, त्याची किंमत मुक्या जनावरांनी मोजली, ही वस्तुस्थिती आहे. त्या वेळी सुरू झालेली चर्चा पुढे प्रयोगांवरील नियम कडक करण्यापर्यंत गेली. तो वाद अजूनही पुरता संपलेला नाही.

बिनकिताबाचा प्राध्यापक

पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर स्टार्लिंग यांचे हृदयावरचे काम पूर्ण होत आले होते. हृदयात जितके जास्त रक्त भरेल, तितके ते अधिक जोराने आकुंचन पावते, हा नियम आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९१३ मध्ये रॉयल सोसायटीचे रॉयल पदकही त्यांना मिळाले होते.

युद्ध सुरू होताच त्यांनी सैन्यात नाव नोंदवले. विषारी वायूंपासून सैनिकांचे रक्षण करण्याच्या संशोधनात ते गुंतले. पुढे ते ग्रीसमधील सॅलोनिका आघाडीवर गेले. लष्करी कारभारातील ढिलाई त्यांना सहन होत नव्हती आणि ते बोलून दाखवण्याची त्यांना भीती नव्हती. वरिष्ठांशी खटके उडाले. अखेर सैनिकी सेवा सोडून त्यांनी देशाच्या अन्नपुरवठ्याच्या प्रश्नाकडे लक्ष वळवले आणि रॉयल सोसायटीच्या युद्धकालीन अन्न समितीचे अध्यक्षपद सांभाळले. सामान्य माणसाला जगायला किती उष्मांक लागतात, याचा हिशेब सरकारी धोरणात आणण्यात या समितीचा वाटा होता. युद्धानंतर जर्मनीतील उपासमारीची पाहणीही त्यांनी केली.

इंग्लंडमधील शिक्षणपद्धती, सत्ताधाऱ्यांचे विज्ञानाविषयीचे अज्ञान यांवर त्यांनी उघड टीका केली. त्यांचे मेहुणे आणि सहकारी बेलिस यांना १९२२ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. स्टार्लिंग यांच्या नावामागे तो कधीच लागला नाही. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना पहिले फुलर्टन संशोधन प्राध्यापक नेमले. आता अध्यापन आणि समित्या यांचा व्याप नव्हता. १९२० मध्ये आतड्याच्या कर्करोगावर मोठी शस्त्रक्रिया होऊन प्रकृती खालावली होती. हाती वेळ थोडा होता. तो त्यांनी मूत्रपिंडाला दिला.

पुन्हा मूत्रपिंडाकडे

अर्नेस्ट बेसिल व्हर्नी हे तरुण सहकारी सोबत होते. दोघांनी कुत्र्याचे मूत्रपिंड शरीरापासून वेगळे काढले आणि दुसऱ्या कुत्र्याच्या हृदय व फुप्फुसांच्या साह्याने त्यातून रक्त खेळते ठेवले. मेंदूशी, मज्जातंतूंशी, शरीरातल्या इतर ग्रंथींशी त्याचा संबंध उरला नाही. असे एकटे पडलेले मूत्रपिंड कसे वागते, हे त्यांना पाहायचे होते.

ते भरपूर आणि पाण्यासारखे पातळ मूत्र बाहेर टाकू लागले. त्यात क्षार फार कमी होते. गाळणी चालू होती, क्षारही परत घेतले जात होते, फक्त पाणी राखले जात नव्हते. सायनाइडने नलिकांच्या पेशी निकामी केल्या, तेव्हा मूत्राची घडण गाळलेल्या रक्तद्रवासारखी झाली. म्हणजे गुच्छात गाळण होते आणि नलिकेत निवड होते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या वादात लुडविग आणि हायडेनहाइन दोघांचाही थोडाथोडा अंश खरा होता.

मग रक्तात त्यांनी पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क मिसळला. मूत्राचा ओघ एकदम घटला आणि त्यातील क्षारांचे प्रमाण वाढले. ज्या हुकमाचा शोध होता, तो हाच. यापूर्वी इंग्लंडमधल्याच प्रयोगांत या अर्काने मूत्र वाढते असे दिसले होते, तर १९१३ मध्ये जर्मनी आणि इटलीतील वैद्यांनी अतिमूत्राच्या रुग्णांना तो टोचून उलट अनुभव घेतला होता. त्या गोंधळावर स्टार्लिंग आणि व्हर्नी यांच्या निबंधाने प्रकाश टाकला. हा निबंध १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून निघणारे द्रव्य थेट मूत्रपिंडावरच काम करते, हे त्यातून स्पष्ट झाले. हॉर्मोन या शब्दाच्या जनकाला आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अखेर एका हॉर्मोनमध्येच सापडले.

बेलिस १९२४ मध्येच गेले होते. १९२७ च्या वसंतात प्रकृतीला आराम पडावा म्हणून स्टार्लिंग एकटेच वेस्ट इंडीजच्या सफरीवर निघाले. केळ्यांची वाहतूक करणाऱ्या ‘अरिग्वानी’ या जहाजावर, जमैकाचे किंग्स्टन बंदर जवळ आले असताना, २ मे १९२७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. ते ६१ वर्षांचे होते. सोबत नात्याचे कुणी नव्हते. किंग्स्टनमध्येच त्यांचे दफन झाले.

निरोप झेलणारा रेणू

त्यांच्या पश्चात व्हर्नी यांनी काम पुढे नेले. रक्त किंचित दाट झाले तरी मेंदूतील विशिष्ट पेशींना त्याची चाहूल लागते आणि त्या हे द्रव्य सोडायला लावतात, हे त्यांनी दाखवले. आज त्याला व्हॅसोप्रेसिन म्हणतात. त्याची घडण उलगडून ते प्रयोगशाळेत तयार करणारे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांना १९५५ चे नोबेल मिळाले. पेशीच्या बाहेर आलेला निरोप आत कसा जातो, याचा उलगडा अर्ल सदरलँड यांनी केला. त्यासाठी त्यांना १९७१ चे नोबेल देण्यात आले. १९९२ मध्ये मूत्रपिंडातील व्हॅसोप्रेसिनच्या ग्राहीचे जनुक हाती लागले. त्याच वर्षी पीटर ॲग्री यांनी पेशींमधील पाण्याचे दरवाजे ओळखले. त्यांना २००३ चे नोबेल मिळाले.

आज ही साखळी अशी सांगता येते. उन्हात घाम गेला की रक्त दाट होते. पीयूषिकेतून व्हॅसोप्रेसिन सुटते. मूत्रपिंडाच्या संग्राहक नलिकांतील पेशींवर त्याचे ग्राही असतात. निरोप मिळताच पेशीच्या आत धावपळ होते आणि पाण्याचे दरवाजे पृष्ठभागावर येऊन बसतात. बाहेरच्या ऊतीत क्षारांची दाटी असते. तिच्या ओढीने नलिकेतले पाणी त्या दरवाजांतून परत रक्ताकडे जाते. मूत्र थोडे आणि गडद होते.

मूत्रपिंडावर असे इतरही ग्राही आहेत. अधिवृक्क ग्रंथीतील अल्डोस्टेरॉन पेशीच्या आतल्या ग्राहीला चिकटून मीठ राखायला सांगते. अँजिओटेन्सिनचे ग्राही रक्तदाब वाढवतात. परावटू ग्रंथीचे संप्रेरक किती फॉस्फेट सोडायचे ते ठरवते. रक्तदाबाच्या रुग्णांच्या डबीतील लोसार्टन किंवा टेल्मिसार्टन ही गोळी काय करते? ती अँजिओटेन्सिनच्या ग्राहीवर आधीच जाऊन बसते, म्हणजे मूळ निरोपाला जागा उरत नाही.

ग्राहीच जन्मतः सदोष असेल तर काय होते, हेही डॉक्टरांनी पाहिले आहे. व्हॅसोप्रेसिनच्या ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने हा दुर्मीळ विकार बहुधा मुलग्यांत दिसतो. रक्तात संप्रेरक भरपूर असते, तरी बाळ सारखी लघवी करते आणि तहानेने कासावीस होते.

सातपुड्याच्या पायथ्याशी

नंदुरबारचा संबंध येतो तो इथे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची समाजांची ही वस्ती. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार इथे ठाण मांडून आहे. त्यात तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्याच्या आकाराच्या होतात, ताठरतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात.

मूत्रपिंडाच्या गाभ्यात नेमकी हीच स्थिती असते. तिथे ऑक्सिजन कमी, क्षारांची दाटी जास्त, रक्ताचा प्रवाह मंद. तांबड्या पेशी तिथे सहज विळ्यासारख्या होतात आणि गाभ्यातील नाजूक वाहिन्या हळूहळू नष्ट होतात. मग क्षारांची ती दाटी टिकत नाही. पीयूषिका हुकूम सोडते, ग्राही तो झेलतो, पाण्याचे दरवाजे उघडतात. पण पलीकडे ओढच नसल्याने पाणी परत जात नाही. बाहेरून संप्रेरक देऊनही उपयोग होत नाही. लहान वयात रक्त दिले तर ही शक्ती काही काळ परत येते, मोठेपणी मात्र नुकसान कायमचे होते. सिकलसेलच्या वाहकांतही, म्हणजे ज्यांना एरवी आजार जाणवत नाही अशांतही, काही प्रमाणात हा दोष आढळतो.

याचे परिणाम रोजच्या जगण्यात दिसतात. असा रुग्ण उन्हातही पातळ लघवी करत राहतो आणि शरीरातले पाणी गमावतो. पाणी कमी झाले की रक्त दाटते, पेशी अधिक विळ्याकार होतात आणि हाडे-सांध्यांत असह्य वेदना उठतात. नंदुरबारचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी दरवर्षी गुजरातेत जातात, तिथे पाण्याची सोय बेभरवशाची असते. पाणी भरपूर प्या, हा डॉक्टरांचा सल्ला म्हणूनच औषधाइतका मोलाचा आहे. शाळेतल्या मुलाला सारखे पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची मुभा हवी. रात्री अंथरूण ओले करणाऱ्या लेकराला रागावण्यात अर्थ नाही. त्याचे मूत्रपिंड मेंदूचा हुकूम पाळू शकत नाही, एवढेच घडलेले असते. वेदनाशामक गोळ्या मनाने घेणेही धोक्याचे, कारण त्यांतल्या बऱ्याच गोळ्या आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडाला आणखी इजा करतात. लघवीतून प्रथिन जाऊ लागले तर रक्तदाबाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या, अँजिओटेन्सिनला रोखणाऱ्या औषधांचा उपयोग केला जातो. मात्र त्यासाठी लघवीची वेळोवेळी तपासणी व्हायला हवी.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे केंद्र सरकारने राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ केला. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवायचा, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी आणि कार्डवाटप हा तिचा दिसणारा भाग. तपासणीनंतर रुग्णाला काय सांगितले जाते, त्याच्या भाषेत सांगितले जाते की नाही आणि ते पाळण्याइतके पाणी त्याच्या पाड्यावर आहे की नाही, हा न दिसणारा भाग.

स्टार्लिंग यांनी शरीरातील निरोपांना नाव दिले. निरोप सुटणे, तो झेलला जाणे आणि त्यावर अंमल होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या मागून आलेल्यांनी दाखवले. सातपुड्याच्या पाड्यांवरील रुग्णांच्या शरीरात तिसरा दुवा तुटलेला आहे. तो शरीरात सांधता येत नाही. त्याची भरपाई बाहेरूनच करावी लागते. हंडाभर स्वच्छ पाणी, जवळच्या आरोग्य केंद्रात लघवीची तपासणी आणि समजून घेणारा शिक्षक, एवढ्यावर बरेच काही अवलंबून आहे.